मज्जातंतू असलेलं काही न खाणारे सर

सरांच्या घराला बेल नव्हती. म्हणजे भिंतीवर बटण होतं, पण त्यावर चिकटपट्टी मारलेली होती आणि खाली कागदावर लिहिलं होतं, ‘टकटक करा. नीट करा.’ त्यातल्या ‘नीट’ खाली दोन रेघा होत्या.

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या आतल्या एका जुन्या सोसायटीत, तळमजल्यावर एक खोली भाड्याने द्यायची आहे असं ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळलं, म्हणून मी गेले होते. परक्याचं घर, म्हणून बेताने टकटक केली. बाजूच्या खिडकीच्या ग्रिलमधून आतले गृहस्थ मला स्वच्छ दिसत होते. खुर्चीत बसून ते माझ्याकडेच बघत होते. मी पुन्हा टकटक केली. त्यांनी शांतपणे नकारार्थी मान हलवली.

“मी खोली बघायला आलेय,” मी खिडकीतून म्हणाले.

“ते दिसतंय. पण टकटक कमी पडतेय. एवढ्यावर दार उघडत नाही.”

“तुम्ही मला बघताय ना पण?”

“बघण्याचा प्रश्न नाही. धक्का पुरेसा हवा. नाहीतर काही होत नाही.”

मी घाटकोपरहून ऑफिस सुटल्यावर तशीच आले होते, पायाचे तुकडे पडले होते. डोकं सणकलं आणि मी दोन्ही मुठींनी दारावर धडाधडा मारलं. गृहस्थ ताडकन उठले, दार सताड उघडलं आणि इतक्या मोठ्याने हसले की मी एक पायरी खाली उतरले.

“ये! याला म्हणतात सिग्नल!”

आतून एक बाई पदराला हात पुसत आल्या. “अगो, ये गो भितूर. घाबरू नको. ह्यांचा ह्या असाच आसा.”

त्या काकू. आणि ते सर. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी आणि खिडकीत जांभळाचं झाड असलेली खोली मुलुंडात दुसरी मिळणार नव्हती, म्हणून मी या वेड्या घरात राहायला गेले. पुढे तिथून हलायची इच्छाच झाली नाही ती गोष्ट वेगळी.

सर ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. जीवशास्त्रात वनस्पती असतात, पचनसंस्था असते, फुलपाखरंही असतात. सरांना त्या सगळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं प्रेम एकाच गोष्टीवर होतं, मज्जातंतूंवर. माणूस म्हणजे मज्जातंतू आणि त्यांना इकडून तिकडे न्यायला हाडामांसाची सोय, असं त्यांचं एकूण मत होतं. काकू त्यांच्या आयुष्यात दुसऱ्या क्रमांकावर होत्या, आणि हे काकूंनी स्वतःच मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

बरं, प्रेम आहे तर असू दे की. पण सरांनी मज्जातंतूंचे सगळे नियम स्वतःला लावून घेतले होते. मज्जातंतू एक तर पूर्ण पेटतो नाहीतर पेटतच नाही, अर्धवट असा प्रकार त्याच्याकडे नाही. म्हणून सरही अर्धवट काही करत नसत. स्टेशनबाहेरच्या टपरीवर मी एकदा सवयीने “दोन कटिंग, एक कोरा” म्हणून गेले, तर त्यांनी टपरीवाल्याचा हात धरला.

“कटिंग नाही. फुल. आणि फुल नसेल तर काही नको.”

“काका, फुल कोण पितो आजकाल?” टपरीवाला म्हणाला.

“मज्जातंतू,” सर म्हणाले.

ते स्मित करत नसत. एक तर चेहरा कोरा, नाहीतर जांभळावरची कबुतरं उडतील असं हसणं. लग्नाला गेले तर हळदीपासून पाठवणीपर्यंत हलायचे नाहीत, नाहीतर आहेरसुद्धा नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर्षानुवर्षं मौन, आणि एकदा गच्चीच्या गळतीवर बोलले तेव्हा सेक्रेटरी रडकुंडीला आला.

मज्जातंतू एकदा पेटला की क्षणभर दमतो आणि तेवढ्यात त्याला कितीही डिवचलं तरी ढिम्म राहतो. म्हणून सरही एका प्रश्नाचं उत्तर दिलं की डोळे मिटून बसत. बँकेत काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं, यांनी सांगितलं. खाते क्रमांक विचारला, तर यांचे डोळे बंद. मुलीने घाबरून सिक्युरिटीवाल्याला पाणी आणायला पाठवलं. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, “अहो, तुमीच सांगतास ना, तो दमता तो डोळ्याची पापणी लवच्याच्या आत उठता. तुमी येवढो वेळ कसले दमतास?”

“वयोमानाने वाढतो तो काळ,” सर म्हणाले, आणि डोळे मिटले.

मज्जातंतूत निरोप एकाच दिशेने जातो, उलटा येत नाही. म्हणून घरात यायचं पुढच्या दाराने आणि जायचं ते मागच्या, मोरीजवळच्या दाराने. एका सकाळी मी मागच्या दाराने निघाले आणि डबा ओट्यावर राहिल्याचं आठवलं. हात लांबवला असता तर खिडकीतून मिळाला असता. सर म्हणाले, “पुढून ये.” मी अख्ख्या बिल्डिंगला वळसा घालून, सेक्रेटरीच्या स्कूटरवरून ढेंगा टाकत पुढे आले, दारावर धडाधडा मारलं, डबा घेतला आणि मागून बाहेर पडले. लेट मार्क लागला. काकूंनी त्या रात्री माझ्या पानात दोन जास्तीचे मोदक वाढले आणि डोळा मारला.

सोसायटीत सत्यनारायण होता त्या दिवसाची हकीकत तर तिथे अजून सांगतात. पूजा गच्चीवर, लिफ्ट बंद, आणि खुर्च्या तळमजल्यावर. सरांनी सगळ्या रहिवाशांना जिन्यात ओळीने उभं केलं. कुणी जागचं हलायचं नाही. खालच्याकडून खुर्ची घ्यायची, वरच्याला द्यायची, मग क्षणभर हात खाली. “तुम्ही वाहत नाही आहात,” ते खालून ओरडत होते, “तुम्ही पेटताय! निरोप पुढे जातो, माणूस तिथेच!” खरं सांगते, खुर्च्या भराभर वर गेल्या. लोकांना मजा यायला लागली. पण त्यात एक तुटक्या पायाची खुर्ची वर पोचली आणि ती खाली परत पाठवायची म्हणून कुणीतरी उलटी सरकवली.

“मागे नाही! मज्जातंतूत मागे नाही!” सर दोन्ही हात पसरून जिन्यात आडवे झाले. खुर्ची गच्चीवरच राहिली आणि शेवटी तिच्यावर भटजी बसले. पुढचं सांगत नाही. शिरा मात्र वाचला.

एका रविवारी ते मला मिठागरांकडे घेऊन गेले. हायवेपलीकडची ती मिठागरं आता बहुतेक नावालाच उरली आहेत, पण तेव्हा एखाददुसऱ्या वाफ्याच्या कडेला मिठाचे करडे ढीग दिसायचे. सरांनी खाली बसून चिमूटभर उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

“चाट.”

“सर, घाण असेल ते.”

“चाट गं. सगळा कारभार हाच आहे. पेशीच्या बाहेर हे मीठ, आत पोटॅशियम, आणि मधल्या भिंतीला बारीक बारीक दारं. दारं बंद असतात तेव्हा तंतू गप्प. धक्का बसला की एक दार उघडतं, सोडियम आत घुसतं, त्या गडबडीत शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या शेजारचं. मागची दारं तोवर बंद झालेली. तुला आईची आठवण येते, काकूने हाक मारली की मान वळते, गाणं ऐकून अंगावर काटा येतो, ते सगळं म्हणजे मीठ आत आणि पोटॅशियम बाहेर.”

“म्हणजे वायरीतल्या करंटसारखं,” मी म्हणाले. मला वाटलं, आपण हुशारी दाखवतोय.

सर उठले आणि चालू लागले. हायवे ओलांडून, मिठागर रोड संपेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. बिल्डिंगच्या फाटकात थांबून म्हणाले, “वायर मेलेली असते. लांब गेली की तिच्यातला जोर कमी होतो. तंतू जागोजागी नव्याने पेटतो. पायाच्या अंगठ्यातून जेवढा निघाला तेवढाच वर पोचतो, रतीभर कमी नाही. आणि त्यावर चरबीचं वेष्टण असतं, मायलिन, त्याला मधे मधे फटी. सिग्नल फटीवरून फटीवर उड्या मारत जातो. वेष्टण झिजलं तर तो रांगतो, आणि मग बसतो. वायर म्हणे!” एखाद्याच्या आईला नावं ठेवावीत तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी माफी मागितली. कुणाची मागितली ते अजून नीटसं माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. सर मूळचे मालवणकडचे, काकूही तिथल्याच. आणि त्या घरात मासळी शिजत नव्हती.

हे कसं झालं ते काकूंनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं. सरांनी नोकरीत असताना प्रयोगशाळेत कितीतरी बेडूक मुलांना फाडून दाखवले होते. बेडकाच्या पायाचा मज्जातंतू चिमट्याने जरा छेडला की मेलेला पाय झटका देतो, तो झटका बघून वर्गातल्या मुली किंचाळायच्या आणि सर खूश व्हायचे. मग तो प्रयोगच बंद झाला. निवृत्तीच्या सुमाराला एका दुपारी सर घरी आले, काकूंनी पानात तळलेला बांगडा वाढला. सरांनी तो मधोमध उघडला, काट्याच्या कडेने जाणारा पांढरा धागा त्यांना दिसला आणि ते बघत बसले.

“माका विचारल्यानी, ‘ह्याका काय कळला आसात गो?’ आणि ताट सारल्यानी,” काकू म्हणाल्या. “त्या दिसापासून बंद. ज्याका मज्जातंतू आसत, ता खावचा नाय म्हणान.”

मासे गेले, मटण-कोंबडी गेली. अंडी गेली, कारण त्यात होऊ घातलेले मज्जातंतू. मग दूधही गेलं. दुधात मज्जातंतू नसतात, पण वासरू आचळाला तोंड लावतं, तो निरोप गाईच्या मेंदूत जातो, तेव्हा ती पान्हा सोडते. “आपण वासराचा सिग्नल चोरतो,” सर म्हणाले. दूध गेल्यावर दही, ताक, तूप आपोआप गेलं. राहिला कोरा चहा आणि भाजीपाला. काकूंनी तिसऱ्यांचा बचाव करून पाहिला होता. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या.

“तिसऱ्यांका मेंदू तरी खय असता?”

“मेंदू नसतो. गंडिका असतात, म्हणजे मज्जापेशींचे पुंजके. तंतू असतात.”

“गंडिका!” काकू मला म्हणाल्या. “पन्नास रुपयाच्या तिसऱ्यो, त्येंका गंडिका!”

मग काकू तिसऱ्या मजल्यावर जायला लागल्या. तिथल्या वहिनीसुद्धा मालवणच्या. बुधवारी आणि रविवारी काकू ‘जरा वहिनीकडे बसून येते’ म्हणून जायच्या आणि तोंडात बडीशेप चघळत परत यायच्या. त्यांना वाटायचं सरांना पत्ता नाही. सर मला म्हणाले, “वासाचा मज्जातंतू थेट मेंदूत जातो. तुझ्या काकूला वाटतं तो तिसऱ्या मजल्यावर थांबतो.” पण काकूंना ते कधी बोलले नाहीत. बुधवारी फक्त खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, जिन्याच्या बाजूला, आणि बराच वेळ तिथेच बसायचे.

ते डासही मारत नसत. मुलुंड पूर्वेला खाडीकडून येणारे डास म्हणजे काय ते तिथे राहिलेल्याला सांगायला नको. सर हाताने वारा घालून त्यांना “जा, जा” म्हणायचे. त्या वाऱ्याने ते माझ्या खोलीत यायचे.

पहिल्यांदा मला शंका आली ती चपलेमुळे. सर संध्याकाळी फिरून आले तेव्हा एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय अनवाणी, मळलेला.

“सर, दुसरी चप्पल?”

त्यांनी खाली पाहिलं. शेजारच्याचा पाय चुकून आपल्या पँटमधून बाहेर आलाय अशा नजरेने पाहिलं. “अरेच्चा. विसरभोळेपणा,” म्हणाले. चप्पल हायवेच्या सिग्नलपाशी सापडली. तिथून घरापर्यंत हा माणूस खडीवरून अनवाणी चालत आला होता.

मी काकूंना काही बोलले नाही. विद्वान माणसं विसरभोळी असतात, असं मीही मनाला सांगितलं. सर आताशा भिंतीला हात लावून चालायचे, अंधारात मोरीकडे जाताना धडपडायचे, पण विचारलं की म्हणायचे, “काही दुखत नाही. दुखत असतं तर निरोप आला असता.” मज्जातंतूंवर त्यांचा एवढा विश्वास. निरोप येत नाही त्याअर्थी सगळं ठीक आहे, हे त्यांचं गणित होतं. निरोप आणणाराच आजारी पडला असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मग तो शनिवार आला. काकूंनी सरांच्या नकळत गॅलरीत डासांसाठी कॉइल लावली होती. सर तिथे उभं राहून मला बाहेरच्या मोगऱ्याचं काहीतरी सांगत होते. सांगता सांगता थांबले, नाक वर केलं.

“काहीतरी जळतंय बघ. काकूला सांग, गॅसवर काय ठेवलंय.”

मी खाली पाहिलं. त्यांची टाच कॉइलवर होती.

मी ओरडले आणि त्यांना ढकललंच. काकू धावत आल्या. टाचेला रुपयाएवढा काळा डाग पडला होता, वरची कातडी गेली होती. सर खुर्चीत बसून दोन्ही हातांनी पाय उचलून स्वतःची टाच बघत होते. त्यांच्या तोंडावर वेदना नव्हती, आणि तेच मला बघवेना. काकूंनी हळद दाबली तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, “मला वासाने कळलं. नाकाने कळलं, पायाने नाही.”

डॉक्टर तरुण होता, सरांच्या विद्यार्थ्याच्या वयाचा. त्याने रबरी हातोडीने गुडघ्याखाली मारलं, सरांनी त्याला कुठे मारायला हवं ते सांगितलं. त्याने आवाज करणारा चिमटा वाजवून घोट्याच्या हाडावर ठेवला, “थरथर जाणवतेय?” सर म्हणाले, “कान म्हणतात वाजतोय. घोटा काही बोलत नाही.” मग डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “आजोबा, तुम्ही खाता काय?”

सरांच्या ऐवजी काकूंनीच सांगितलं. बेडकापासून वासरापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिला, मग रक्ताच्या तपासणीला पाठवलं, आणि दोन दिवसांनी आम्हाला समोर बसवून बोलला. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ संपलंय. ते मासे, मटण, अंडी, दूध यातूनच मिळतं. आणि मज्जातंतूंवरचं वेष्टण टिकवायला तेच लागतं.

“मायलिन,” सर हळू आवाजात म्हणाले.

“हो. तुम्हाला माहीतच असेल.”

“मायलिन माहीत होतं. त्याला हे लागतं, ते अभ्यासक्रमात नव्हतं.”

मला हसू येत होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं. जन्मभर या माणसाने मज्जातंतूंची पूजा केली. दुसऱ्याचा एकही तंतू दुखावू नये म्हणून पानातून एकेक पदार्थ उठवला. आणि त्यापायी स्वतःचे उपाशी ठेवले. असं दुसरं कोण करेल? मी तरी असा माणूस पुन्हा पाहिला नाही.

काकूंनी सरळ विचारलं, “पाय परत येतले काय?”

“सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाला. “उशीर झालाय. लवकर सुरू करू. आलं तर हळूहळू येईल. नाही आलं तर चालणं कठीण होत जाईल, पडतील, मग खुर्चीच. इंजेक्शनं देतो. आणि खाणं बदला, मासे खा.”

“इंजेक्शन कशापासून बनतं?” सरांनी विचारलं. मी कपाळाला हात लावला.

डॉक्टरने मोबाइलवर शोधलं. “बॅक्टेरियांपासून.”

“जिवाणूंना मज्जातंतू नसतात!” सरांचा चेहरा उजळला. “द्या! फुल डोस द्या!”

बांगडा मात्र नाही. काकू रिक्षात रडल्या. “बॅक्टेऱ्याचा चालता. माजो बांगडो चालना नाय.” सर रिक्षाच्या दुसऱ्या बाजूला बाहेर बघत बसले होते. ते दमलेही नव्हते, तरी मग त्यांनी डोळे मिटले ते घरी पोचेपर्यंत.

मग रोज सकाळी तो कार्यक्रम सुरू झाला. सर खुर्चीत बसायचे, पाय स्टुलावर, डोळे बंद. काकू खराट्याची एक काडी घेऊन समोर पाटावर बसायच्या आणि अंगठ्याला, तळव्याला, टाचेला टोचायच्या. कळलं तर सरांनी सांगायचं. मी ऑफिसची तयारी करता करता दारात उभी राहून बघायची.

पहिले कितीतरी दिवस “नाही” हेच उत्तर. मग एका सकाळी सर एकदम म्हणाले, “उजवा अंगठा! कळलं!” काकूंचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी, “डावा तळवा! झकास कळलं!” तिसऱ्या दिवशी काकूंनी काडी हातात घेतली, सरांनी डोळे मिटले, आणि काकूंनी काडी तशीच मांडीवर ठेवली. टोचलीच नाही.

“टाच,” सर म्हणाले. “कळलं. आजचं तर फारच स्पष्ट.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ओठावर बोट ठेवलं. मग अगदी हसऱ्या आवाजात म्हणाल्या, “व्हय, टाचच. शाबास.”

मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि फाटकापाशी रडले. अर्धवट काही न करणारा माणूस काकूंसाठी खोटं बोलत होता, आणि काकू त्याच्यासाठी. रोज सकाळी दोघं एकमेकांना असं फसवायचे आणि मग कोरा चहा घ्यायचे. इंजेक्शनं चालूच होती. सर भिंत सोडून चालायचे नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरीने मोठ्या मनाने चाकाची खुर्ची सुचवली, त्या दिवशी काकू त्याला जे बोलल्या ते मालवणीत होतं आणि त्याला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण धक्का पुरेसा होता. पुन्हा त्याने विषय काढला नाही.

त्या सकाळी बुधवार होता, म्हणून मला आठवतंय. सरांचे डोळे मिटलेले. काकूंनी आजही काडी मांडीवरच ठेवली होती. आताशा त्या टोचतच नसत, नुसत्या त्यांच्या तोंडाकडे बघत बसायच्या. सर आज लगेच काही बोलले नाहीत. कपाळाला आठी पडली. मी म्हटलं, आज खोटं सुचत नाही वाटतं.

“आवशीक खाव!”

असं ओरडून सरांनी फाडकन स्वतःच्या पावलावर हात मारला. सरांना मालवणी बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं, शिवी देताना तर नाहीच. कबुतरं उडाली.

“एवढ्या जोरात कित्याक टोचलंस गो?” ते डोळे उघडून ओरडले.

“मी?” काकूंनी दोन्ही हात वर केले. “मी हातसुदा लावलंय नाय! बगा! काडी मांडीर आसा!”

काडी मांडीवरच होती. सरांनी हात उचलला. उजव्या अंगठ्याच्या वर, पावलावर एक डास चेपटून चिकटला होता आणि त्याच्या बाजूला रक्ताचा ठिपका होता. सरांचंच रक्त.

आधी काकूंना कळलं, मग मला. सर अजून डासाकडेच बघत होते.

“कळला?” काकूंचा आवाज फुटत होता. “अहो, तुमका कळला?”

“दुखलं,” सर म्हणाले. “चांगलंच दुखलं गं.” आणि ते हसले. मोठ्याने नाही. मी त्यांना पहिल्यांदाच स्मित करताना पाहिलं. मग एकदम चेहरा पडला. “पण मी मारलं याला.”

“मारलात,” काकू म्हणाल्या.

“मी नाही मारलं,” सर घाईघाईने म्हणाले. शिकवायला लागले की त्यांचा एक हात वर जायचा, तसा गेला. “ती प्रतिक्षिप्त क्रिया. निरोप पायातून कण्यात गेला आणि कण्यानेच हाताला हुकूम दिला. मेंदूला मागाहून कळलं. मी म्हणजे मेंदू. माझा यात हात नाही.”

“कण्यान मारल्यान.”

“हो. कण्याने.”

काकू पाटावरून उठल्या. पदर खोचला. कंबरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. “मगे आजचो बांगडो पण कण्याकच खावंदे. मेंदवाक मागाहून कळवूया.”

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. गंडिका, वासरू, बेडूक, सगळे सरांच्या तोंडावरून एकामागून एक जाताना मला दिसले. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. आम्ही दोघी थांबलो. त्यांना दमायला किती वेळ लागतो ते आम्हाला माहीत होतं. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. वरून, जिन्याच्या बाजूने, वहिनींच्या फोडणीचा वास यायला लागला होता.

सरांनी डोळे उघडले.

“तुकडो नको गो,” ते म्हणाले. “अख्खो तळ.”

काकू वहिनींकडे पळाल्या. घाईघाईत पुढच्या दाराने बाहेर पडल्या, ज्यातून फक्त आत यायचं असतं त्या दाराने. सरांनी ते पाहिलं, पायावरचा रक्ताचा ठिपका अंगठ्याने दाबून बघितला, आणि त्यांना थांबवलं नाही.